स्कॅन तर झालं, आता सापडणार कसं? वाचनालयाच्या ११४० फायलींच्या नोंदी

कौलारू | शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका पेठेत आमचं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. इमारत उतरवायचं ठरलं तेव्हा आम्ही सहा जणांनी माळ्यावरचं सगळं खाली आणलं आणि गेल्या आठ महिन्यांत सुट्टीच्या दिवशी बसून स्कॅन केलं. जुनी पुस्तकं, दिवाळी अंक, वार्षिक अहवाल, व्याख्यानांच्या पत्रिका, देणगीदारांची पत्रं, मोडी कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आणि साडेतीनशेच्या आसपास फोटो. एकूण ११४० फायली. सगळ्यांची नावं 'स्कॅन ०००१' पासून पुढे.

गेल्या आठवड्यात एक मुलगी आली. तिच्या पणजीने आमच्या वाचनालयात भाषण केलं होतं, साधारण १९३६ साली, त्याची छापील पत्रिका तिला हवी होती. असल्या पत्रिकांचा गठ्ठा मी स्वतः स्कॅन केलाय, तो पिवळा कागद अजून डोळ्यांसमोर आहे. तीन तास शोधलं. सापडली नाही. 'असू दे ताई' म्हणून ती गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून आता नोंदी करायला बसलोय आणि पहिल्याच ओळीवर अडलोय. रकाने कोणते ठेवायचे? आमच्यातला एक जण म्हणतो डब्लिन कोअर, दुसरी म्हणते मार्क (दोन्ही नोंदी लिहायच्या प्रमाण पद्धती), तिसरा म्हणतो आपल्याला समजेल तसं लिहू. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सांगा.

---

खडकीकर | रात्री १०.४०

डब्लिन कोअर घ्या, डोळे मिटून.

हे डब्लिन आयर्लंडमधलं नाही, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं. मार्च १९९५ मध्ये ग्रंथपाल आणि संगणकवाले तिथे एकत्र बसले आणि इंटरनेटवरच्या कुठल्याही वस्तूचं वर्णन करायला कमीत कमी काय लागेल याची यादी केली. आज त्यात १५ घटक आहेत: शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, प्रकाशक, सहकर्ता, दिनांक, प्रकार, स्वरूप, ओळखक्रमांक, स्रोत, भाषा, संबंध, व्याप्ती आणि हक्क. एकही सक्तीचा नाही आणि कुठलाही कितीही वेळा लिहिता येतो. २००३ साली त्याला आयएसओ १५८३६ हा क्रमांक मिळाला.

फायदा पुढे कळतो. उद्या तुम्ही डीस्पेससारखी डिजिटल संग्रहाची प्रणाली बसवलीत (एमआयटी आणि एचपी यांनी २००२ मध्ये काढलेली, मोफत, विद्यापीठांच्या प्रबंधांचा शोधगंगा हा संग्रह त्यावरच चालतो), तर हे रकाने जसेच्या तसे आत जातात. आणि ओएआय-पीएमएच नावाचा जो करार आहे, ज्याने एका संग्रहाच्या नोंदी दुसरा संग्रह आपोआप उचलतो, त्यात साधं डब्लिन कोअर देता आलंच पाहिजे असा नियम आहे. तुमच्या पेठेतली पत्रिका मग जगातल्या कुठल्याही शोधखिडकीत दिसू शकते. 'आपल्याला समजेल तसं' लिहिलंत तर ती तुमच्या सहा जणांनाच दिसेल.

---

दाखलअंक | रात्री ११.०५

डोळे मिटून काहीच घेऊ नका, कौलारू. मी ३४ वर्षं महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होते, म्हणून सांगते.

डब्लिन कोअरमध्ये 'कर्ता' हा एकच मोठा डबा आहे. आता आपलं एखादं जुनं मराठी पुस्तक हातात घ्या. मूळ इंग्रजी लेखक वेगळा, भाषांतरकर्ता वेगळा, तपासणारे शास्त्रीबुवा वेगळे, प्रस्तावना तिसऱ्याचीच. हे सगळे 'कर्ता' आणि 'सहकर्ता' यांत कोंबलेत की कोणी काय केलं ते गेलं. मार्कमध्ये प्रत्येकाला जागा आहे. १०० क्रमांकाच्या रकान्यात मुख्य लेखक, २४५ मध्ये शीर्षक, ६५० मध्ये विषय, ७०० मध्ये इतर व्यक्ती, आणि कोणाची भूमिका काय तेही लिहिता येतं. १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट ॲव्राम या बाईंनी हे उभं केलं. त्या मुळात प्रोग्रामर होत्या, ग्रंथपाल नव्हेत, पण ग्रंथपालाला काय हवं ते त्यांनी नेमकं ओळखलं. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे ८८० हा रकाना: तेच नाव दुसऱ्या लिपीत. वर देवनागरी, खाली रोमन, दोन्ही एकमेकांना बांधलेले.

ग्रंथालयांसाठीची कोहा ही संगणकप्रणाली मोफत मिळते, मार्क त्यात आहेच. पुस्तकं तिथे घाला. दाखल नोंदवही जपून ठेवली असेल तर अर्धं काम झालंय.

---

खडकीकर | रात्री ११.१८

दाखलअंकताई, पुस्तकांपुरतं पटलं. पण साडेतीनशे फोटो आणि दोन रुमाल मार्कमध्ये भरायला सहा हौशी माणसांना किती वर्षं लागतील? डब्लिन कोअरलाही पुढे विस्तार मिळालाय. पर्यायी शीर्षक, निर्मितीचा दिनांक, प्रकाशनाचा दिनांक, 'कशाचा भाग आहे', वस्तू कोणाकडून कोणाकडे आली, या सगळ्याला वेगळे शब्द आहेत. गरज पडली तर ते परत १५ घटकांत घडी घालून ठेवता येतात.

---

दाखलअंक | रात्री ११.२६

फोटोंना मार्क लावा असं मी म्हणतच नाही. पुस्तकांबद्दल मात्र मागे हटणार नाही.

---

पेठपुराण | रविवार, सकाळी ७.३०

वाचनखूण साठवली. आमच्या सोसायटीच्या कागदांनाही उपयोगी पडेल.

---

जोडाक्षर | सकाळी ८.५५

रकान्यांवर वाद जरूर घाला, पण त्या रकान्यांत मराठी कशी लिहिणार तेही आत्ताच ठरवा. तिथे चुकलात तर कुठलंही मानक वाचवणार नाही.

एक: सगळं युनिकोडमध्येच. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टंकलेल्या याद्या कोणी दिल्या तर आधी बदलून घ्या. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'पुणे' दिसतं, पण संगणकाला ती रोमन अक्षरांची खिचडी असते.

दोन: 'कऱ्हाड' हा शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो. एकात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह. दुसऱ्यात नुक्ता असलेला ऱ. डोळ्यांना दोन्ही सारखेच. शोधताना मात्र एक टाकलं तर दुसरं येईलच असं नाही. सहा जणांच्या सहा कळपट्ट्या असतील तर नोंदी पूर्ण झाल्यावर एकदा सगळं एकसारखं करून घ्या.

तीन, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. १९६२ मध्ये साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले, त्याआधीचं छापील मराठी अनुस्वारांनी भरलेलं आहे: 'पुणें', 'नाहीं', 'मराठ्यांचीं'. शीर्षक जसं छापलंय तसंच लिहा, त्यातला एक अनुस्वारही पुसू नका. पण पर्यायी शीर्षकात आजच्या लेखनातलं रूप द्या आणि त्यापुढे रोमन रूप. मोठमोठ्या संग्रहांत जुनी मराठी पुस्तकं फक्त मोडक्यातोडक्या रोमन शीर्षकाने पडलेली मी पाहिली आहेत. पुस्तक तिथे आहे, पानं स्वच्छ आहेत, पण मराठी माणूस मराठीत शोधतो आणि रिकाम्या हाताने परततो. याचं मला फार वाईट वाटतं.

---

शाईदौत | सकाळी ९.४०

जोडाक्षरांना जोड. भाषा आणि लिपी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुमालातल्या कागदांची भाषा मराठी, लिपी मोडी. भाषेचा कोड 'एमआर', लिपीचा कोड 'मोडी', दोन्ही जोडून लिहायची प्रमाण पद्धत आहे. मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे. 'भाषा: मोडी' असं लिहू नका, हात जोडून सांगतो. मी मोडी वाचतो, आणि ही चूक पुष्कळ याद्यांत भेटते.

आता तारखा. दिनांकाच्या रकान्यात 'शके १८५५' लिहिलंत तर माणसाला कळेल, यंत्राला नाही. म्हणून दोन रकाने ठेवा. पहिल्यात कागदावर आहे तसं. दुसऱ्यात इसवी सन, इंग्रजी अंकांत, आधी वर्ष मग महिना मग दिवस. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंतच. जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. म्हणजे नुसतं 'शके १८५५' असेल तर १९३३ आणि १९३४ दोन्ही लिहायचे, मध्ये तिरकी रेघ. आयएसओ ८६०१ च्या २०१९ च्या दुसऱ्या भागात याची सोय आहे. अंदाजे सालाला पुढे नागमोडी खूण, शंका असेल तर प्रश्नचिन्ह, आणि फक्त दशक माहीत असेल तर शेवटच्या अंकाऐवजी फुलीसारखं अक्षर.

रुमालात 'इहिदे सबैन मया व अलफ' असं काही दिसलं तर घाबरू नका. तो शुहूर सन, अरबी संख्यानामांत लिहिलेलं साल. इहिदे १, सबैन ७०, मया १००, अलफ १०००; झाले ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०. हे साल मृगाला सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचे महिने १७७१ मध्ये जातात. नक्की दिवस हवा तर कागदावरचा चंद्र (म्हणजे चांद्र तारीख) आणि महिना पाहून जंत्री काढायची.

---

भिंगवाला | सकाळी १०.१५

फोटोंबद्दल कोणी बोललं नाही अजून.

स्कॅनर फाइलमध्ये स्वतःची तारीख टाकतो. तुमच्या संगणकावर १९४० सालच्या वार्षिक संमेलनाचा फोटो गेल्या मे महिन्यातला म्हणून लागतो. मूळ फोटो ही एक वस्तू आणि त्याची फाइल ही दुसरी. डब्लिन कोअरवाले याला 'एका वस्तूला एक नोंद' म्हणतात. कागदी फोटो कोणी काढला, केव्हा, आकार किती, मागे काय लिहिलंय हे एकीकडे. कोणी स्कॅन केला, किती डीपीआयला, कोणत्या तारखेला हे दुसरीकडे. तुम्हाला दोन नोंदी झेपत नसतील तर निदान रकाने वेगळे ठेवा. नाहीतर ज्याने स्कॅन केलं त्याचंच नाव छायाचित्रकार म्हणून कायमचं चिकटतं.

फोटोच्या मागची बाजूही स्कॅन करा. मजकूर जसा आहे तसा उतरवा. आमच्या घरच्या एका फोटोमागे 'आपला बंडू, मुंजीच्या दिवशी' असं सुंदर अक्षरात लिहिलंय. घराण्यात चार बंडू झाले!

आणि नोंद फाइलच्या पोटातही घालून ठेवा, एक्सएमपीची सोय असते. मात्र फोनवरच्या मेसेज ॲपमधून फोटो पाठवला की ती बहुतेक वेळा गळून पडते, म्हणून वेगळी यादी हवीच.

---

मुठाकाठ | सकाळी ११.३०

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या घरातली लोखंडी पेटी पाण्यातून काढली तेव्हा फोटो एकमेकांना चिकटले होते, आईने ते गच्चीवर वाळत घातले. चित्रं बरीचशी वाचली. मागची शाई मात्र सगळी धुऊन गेली.

माझे वडील प्रत्येक फोटोमागे नावं लिहायचे. त्या पावसाळ्यात आई रोज दुपारी एकेक फोटो घेऊन बसायची आणि पेन्सिलीने परत लिहायची. तिला जेवढी माहीत होती तेवढी. वडिलांकडच्या, म्हणजे आमच्या आत्यांच्या सासरच्या माणसांचे फोटो राहिले, कारण ती तिला ओळखता येत नव्हती. ते अजून तसेच आहेत. आता ओळखणारं कोणी नाही.

मला तुमचे मार्क आणि डब्लिन कळत नाहीत. पण कौलारू, वाचनालयाचे जे जुने सभासद, जुने शिपाई, व्यवस्थापक हयात असतील त्यांना या महिन्यात बोलवा. फोटो पुढे ठेवा, फोनवर बोलणं ध्वनिमुद्रित करा. रकाने मग भरा.

---

कौलारू | दुपारी १२.०२

मुठाकाठ काका, वाचून थांबले थोडा वेळ. आमचे जुने शिपाई आहेत, पंच्याऐंशीच्या पुढे. उद्याच जाते.

---

चिंचतळ | दुपारी १.२०

थोडा वेगळा सूर लावतो. एवढा खटाटोप कशाला? आता चित्रातली अक्षरं ओळखणारं ओसीआर आहे, एआय आहे. सगळी पानं वाचून घ्या, मजकुरातच शोधा. नोंदी लिहिण्याचं युग संपलं असं माझं मत आहे.

---

शाईदौत | दुपारी १.४५

मोडी रुमालांवर चालवून बघा आणि मग सांगा.

---

खडकीकर | दुपारी २.१०

चिंचतळ, छापील पुस्तकांना ओसीआर लावावाच, मी स्वतः लावतो. पण पत्रिकेत भाषण कोणाचं ते लिहिलेलं असतं. ती पत्रिका कोणाच्या घरून आली, का जपली, तिसऱ्या रांगेतला डावीकडून दुसरा माणूस कोण, हे कुठल्याच पानावर नसतं. जे पानावर नाही ते यंत्र वाचणार कुठून?

---

चिंचतळ | दुपारी २.३२

फोटो आणि मोडीचं मान्य. पण छापील पानांना हाताने विषय देत बसू नये हे मत कायम.

---

पानगळ | दुपारी ३.१५

मी स्त्रियांच्या जुन्या लेखनावर काम करते. माझा निम्मा वेळ नावं जुळवण्यात जातो.

विभावरी शिरूरकर, मालतीबाई बेडेकर, बाळूताई खरे. तीन नावं, बाई एकच: टोपणनाव, सासरचं, माहेरचं. त्या इतक्या गाजल्या म्हणून आपल्याला माहीत आहे. पण वाचनालयाच्या हस्तलिखित मासिकात दोन कविता लिहून थांबलेली मुलगी? लग्नानंतर तिचं पहिलं नावही बदललेलं असतं. तुमच्या यादीत ती दोन वेगळ्या बायका होते, किंवा कोणीच उरत नाही. पुरुषांचंही होतं, कृष्णाजी केशव दामले शोधणाऱ्याला केशवसुत सापडले पाहिजेत, पण तिथे मदतीला सगळा अभ्यास उभा आहे. साध्या बाईच्या मागे तुमची नोंदच आहे फक्त.

म्हणून व्यक्तींची वेगळी वही ठेवा. एका माणसाला एक क्रमांक, त्याखाली त्याची सगळी नावं, जन्म-मृत्यूची सालं माहीत असतील तर तीही. मुख्य यादीत कागदावर आहे तसं नाव आणि शेजारी तो क्रमांक. ग्रंथपाल याला प्रमाण नामनोंद म्हणतात, दाखलअंकताई सांगतील.

आणि कौलारू, एक विचारायचं होतं. त्या मुलीच्या पणजीचं तुम्ही कोणतं नाव शोधत होता? १९३६ साली तिचं लग्न झालं होतं का?

---

दाखलअंक | दुपारी ३.४०

पानगळ, अगदी बरोबर. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, १९४३ मध्ये ती छापून आली. संगणक नव्हता, कार्डं, शाई आणि ग्रंथालयांच्या फेऱ्या. आजही कुठल्या जुन्या मराठी पुस्तकाची शंका आली की आम्ही ती उघडतो. नोंद नीट केली की इतकी वर्षं पुरते. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ मध्ये सांगितलेल्या पाच सूत्रांतलं चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. कौलारूच्या त्या मुलीचे तीन तास मला तिथेच दिसतात.

---

कागदपत्री | संध्याकाळी ५.०५

सगळ्यांचं वाचलं. मी अभिलेखागाराच्या बाजूचा, म्हणून एक मतभेद.

११४० फायलींची एकेक नोंद करायला बसू नका. पत्रं, अहवाल, रुमाल यांची आधी गठ्ठ्याची नोंद करा: हा गठ्ठा कोणाचा, कुठल्या काळातला, किती कागद, कशाबद्दल. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेचं आयसॅड-जी नावाचं मानक आहे, दुसरी आवृत्ती २००० ची. त्याचा गाभाच हा, की वरून खाली या आणि वरच्या पातळीवर सांगितलेलं खाली पुन्हा सांगू नका. आणि मूळ क्रम मोडू नका. रुमालात जो कागद ज्याच्या शेजारी होता तो तिथेच राहू दे, शेजारपण हीसुद्धा माहिती असते. विषयवार लावायच्या उत्साहात अनेक दप्तरं कायमची विस्कटतात.

---

दाखलअंक | संध्याकाळी ५.२०

गठ्ठ्याच्या नोंदीने ती पत्रिका सापडली असती का?

---

कागदपत्री | संध्याकाळी ५.३१

पत्रिकांच्या गठ्ठ्यापर्यंत तर पोचले असते. तिथून पुढे शंभर कागद चाळायचे. आज ११४० चाळावे लागतात. फोटो आणि पत्रिका यांची एकेक नोंद करा, त्याला माझी ना नाही, पण सगळ्याची एकदम सुरू केलीत तर दिवाळीपर्यंत सहातले दोनच जण उरतील.

---

मंडईकोपरा | संध्याकाळी ६.१०

स्थळाच्या रकान्यात जुनं आणि नवं नाव दोन्ही हवं. १८८६ ची रे मार्केट म्हणजे आजची महात्मा फुले मंडई. लकडी पुलाला कागदोपत्री संभाजी पूल म्हणतात. आणि रोमनमध्ये पुणे, पूना दोन्ही.

---

पेठपुराण | संध्याकाळी ६.१५

अवांतर: लकडी पुलाला लाकूड नाही, हे पाहुण्यांना समजावण्यात माझी उमेदीची वर्षं गेली :)

---

खडकीकर | संध्याकाळी ६.४०

हक्कांचा रकाना रिकामा ठेवू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या जानेवारीपासून. १९६४ मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२५ पासून खुलं झालं. म्हणून पानगळ यांच्या वहीतलं मृत्यूचं साल फार मोलाचं. देणगीदारांच्या पत्रांत घरगुती गोष्टी असतील तर नोंद खुली ठेवा, फाइल बंद.

---

कौलारू | पुढचा शनिवार, रात्री ९.५०

पत्रिका सापडली!

पानगळताईंचा प्रश्न वाचून त्या मुलीला फोन केला. पणजीचं लग्न १९३६ च्या मे महिन्यात झालं. आम्ही 'सौ.' आणि सासरचं आडनाव शोधत होतो. पत्रिकेवर 'कुमारी', वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव आहे. वरची तारीख माघ शुद्ध ५, शके १८५७. आम्ही ७८ मिळवून ती १९३५ च्या पाकिटात घातली होती, आणि माघ म्हणजे जानेवारी १९३६. शाईदौत, तुमचे ७९!

शिपाईकाकांकडे दोनदा जाऊन आले. एकेचाळीस फोटोंतली माणसं त्यांनी ओळखली. एका फोटोत खुर्चीवरच्या पाहुण्यांपेक्षा मागे कंदील धरून उभा असलेल्या पोराकडे ते बराच वेळ बघत राहिले. तो त्यांचा थोरला भाऊ. वर्णनाच्या रकान्यात पहिलं नाव त्याचं लिहिलंय.

आमचं ठरलं ते असं. पुस्तकं कोहामध्ये, मार्कने. दाखलअंकताई दोन दिवस शिकवायला येणार आहेत, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. फोटो आणि पत्रिका विस्तारित डब्लिन कोअरमध्ये, एकेक. पत्रं, अहवाल आणि रुमाल आधी गठ्ठ्याने, मूळ क्रम न मोडता. व्यक्तींची वही वेगळी. तारखेचे दोन रकाने, शीर्षकाची तीन रूपं. आणि आमचा स्वतःचा एक रकाना, 'कोणी सांगितलं आणि केव्हा', कारण काकांचं सांगणं आणि छापील मजकूर यांत फरक दिसायला हवा.

दिवाळी अंकांचं अडलंय अजून. अंकाची एक नोंद करायची की आतल्या प्रत्येक लेखाची?

---

दाखलअंक | रात्री १०.०५

अंकाची एक. अनुक्रमणिका वर्णनात पूर्ण टंकून ठेवा. वेळ मिळेल तेव्हा लेखांच्या नोंदी करून 'कशाचा भाग' मध्ये अंकाचा क्रमांक द्या. आणि अनुक्रमणिकेतली टोपणनावं पानगळच्या वहीत.

---

पानगळ | रात्री १०.११

त्या पत्रिकेत भाषणाचा विषय काय होता?

---

कौलारू | रात्री १०.२०

'मुलींना वाचनालयाचें दार खुलें असावें'. अनुस्वार आहेत तसेच लिहिलेत, जोडाक्षर.

उद्या सकाळी दहा वाजता बसतोय. मोडी रुमालांसाठी वाचणारं कोणी हवं आहे.

---

शाईदौत | रात्री १०.२४

येतो. पत्ता निरोपात पाठवा.